पान एकशे चौदा

फेब्रुवारीत आमच्या धर्मशाळेला पाहुणा नसतो.
छपरावर पुरुषभर बर्फ,
आणि मागच्या खोलीत, कोतात्सूच्या रजईत पाय खुपसून
चार पोरं एका राक्षसाला मारत असतात.

मी संत्री घेऊन जातो.
तात्सुहिको, माझ्या भाचीचा मुलगा,
जाडजूड पुस्तक पुढे सरकवतो:
"आजोबा, हे तुम्ही."

यामाबुशी. सातव्या पातळीपासून आकाशगमन.
तळहातातून ज्वाळा, दिवसातून तीनदा.
शंख फुंकला की वीस हातांतली भुतं पळतात.
चित्रातला मी ताडमाड, दंड उघडे,
डोळ्यांत वीज,
आणि पाठीला, शप्पथ, कावळ्याचे पंख.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
कपाळावरची काळी टोपी तेवढी बरोबर होती.
दोरीची गाठ चुकलेली.

मी शंख फुंकला की
खालच्या आळीतलं ओबाताचं कुत्रं भुंकतं.
पळत कुणीच नाही.
आणि आकाशगमन म्हणाल तर
हागुरोच्या दोन हजार चारशे शेहेचाळीस पायऱ्या
आणि हा उजवा गुडघा,
जो हवा बदलायच्या आदल्या दिवशी बोलायला लागतो.
सोमवार ते शुक्रवार मी त्सुरुओकाच्या टपाल कचेरीत
पत्रं लावली, पस्तीस वर्षं.
हे पुस्तकात नाही.

मिनोरी, चौघांत धाकटी, पेन्सिल सरसावून बसली:
"मग खरं काय ते सांगा. आम्ही लिहून घेतो."

खरं काय.
खरं म्हणजे पांढरे कपडे, कारण प्रेताला पांढरे घालतात,
आणि आपण पहिल्याच संध्याकाळी मेलेले असतो.
पुढचे दिवस डोंगराच्या पोटात.
तोंड धुवायचं नाही, दात घासायचे नाहीत,
ऊठ म्हणोत, चाल म्हणोत, उपाशी राहा म्हणोत,
उत्तर एकच: उकेतामो.
घेतलं. दिलंत ते घेतलं.
मग धूर.
दारं लावून निखाऱ्यावर मिरची आणि कोंडा,
आणि त्यात बसून सूत्र म्हणायचं.

"धुरानं नुकसान किती?" शिगेताकानं विचारलं.
"दोन फाशांचं, की तीन?"

मी संत्र्याची साल अखंड निघते का बघत होतो.
म्हणालो, मी पळालो होतो.
एकतिसावं वर्ष, पहिलीच खेप, दुसरी रात्र.
शेजारचा म्हातारा खोकत खोकत म्हणत राहिला,
मी दाराला धडकलो, बाहेर चिखलात ओणवा झालो,
आणि सकाळी सगळ्यांना सांगितलं,
पोट बिघडलं होतं.
बायको गेली, तिलाही पोटाचंच ठाऊक होतं.

खोलीत नुसता स्टोव्हचा आवाज.
वाटलं, आता पुस्तक मिटतील.

मिनोरीनं "आकाशगमन" खोडलं.
वर लिहिलं: खोकला.
मग जीभ दातांत धरून, समासात, बारीक अक्षरात:
पुढच्या खेपेला पुन्हा प्रयत्न करता येतो.
"ते सगळ्यांनाच येतं," तात्सुहिको म्हणाला. "नियमच आहे."

नियमच आहे.
त्यानंतर अठ्ठावीस वेळा मी त्या धुरात बसलो,
प्रत्येक वेळी दाराकडे पाठ करून,
आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं वीस बाजूंचा फासा माझ्या हातावर ठेवला.
हिरवा, एका कोपऱ्याला कुणीतरी चावलेला.
"धूर आलाय. टाका."

फासा गडगडत सालींत जाऊन थांबला.
चौघांची डोकी वाकली.
चार.
"खोकलात," शिगेताका म्हणाला,
"पण आत बसलाय की बाहेर, ते तुम्ही सांगायचं."

छपरावरून बर्फाचा एक थर धप्पकन घसरला,
खिडकी क्षणभर पांढरी झाली.
पडलं ते दान.
उकेतामो, म्हटलं,
आणि रजई गुडघ्यावर ओढून घेतली.